पप्पांचं फ्लेक्सचं दुकान आणि माझी विस्कॉमची डिग्री

पत्र (बरंच छोटं केलंय, नाव तिच्या सांगण्यावरून काढलंय):

"ताई, मी बार्शीची. पुण्यात एका खासगी कॉलेजात बी.डेस. (डिझाइनची डिग्री) करतेय, व्हिज्युअल कम्युनिकेशन, आताच चौथं सेम संपलं. पप्पांचं गावात फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान आहे आणि मी आठवीपासून तिथं कोरलवर (डिझाइनचं सॉफ्टवेअर) बसतेय, वाढदिवस, उद्घाटन, श्रद्धांजली सगळं केलंय. मला वाटायचं मला हे येतं, म्हणून तर या कोर्सला आले. तिसऱ्या सेमच्या ज्युरीला (सेमच्या शेवटी काम तपासतात ती) मी सोलापुरी चादरींच्या प्रदर्शनाचं पोस्टर ठेवलं होतं, बाहेरून आलेले एक सर म्हणाले हे फ्लेक्ससारखं दिसतंय, आणि मागे सगळे हसले. त्यानंतर चौथ्या सेमला मी पिंटरेस्टवर बघून बेज बॅकग्राउंड, कोपऱ्यात बारीक इंग्लिश असं सगळं केलं, मार्क वाढले, पण ते काम माझं वाटतच नाही. क्रिटमध्ये (वर्गात कामांवर चर्चा होते ती) सगळे इंग्लिशमध्ये बोलतात, मला जमत नाही, मी गप्प बसते. होस्टेलवर मी सांगितलंय की पप्पांचा बिझनेस आहे, कसला ते नाही सांगितलं. कर्ज काढलंय. दादा म्हणतो एआय सगळं करतंय आता, कशाला पैसे घालवता. पप्पा म्हणतात नसेल जमत तर ये परत, दुकान आहेच. कोर्स सोडू का? की बीएफए अप्लाइडला (उपयोजित कलेची डिग्री) परत पहिल्यापासून ॲडमिशन घेऊ?"

अगं, आधी उत्तर देते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. कोर्स सोडू नकोस, बीएफएला पहिल्यापासून तर अजिबातच जाऊ नकोस. आणि पुढच्या सेमला तो बेज प्रकार बंद कर. का ते सविस्तर सांगते, जरा मोठं होईल पण तू पण मोठं पत्र पाठवलंयस (मी इथे अर्धंच छापलंय) तेव्हा वाचशील.

त्या सरांच्या वाक्यापासून सुरू करू, कारण अख्खं एक सेम झालं तरी ते तुझ्या डोक्यातून गेलेलं नाहीये. फ्लेक्ससारखं दिसतंय म्हणजे नक्की काय दिसतंय, हे त्यांनी सांगायला हवं होतं, ज्युरीला बसणाऱ्याचं ते कामच असतं, आणि वर्ग हसला तेव्हा थांबवायला पण हवं होतं. दोन्ही झालं नाही, चुकलंच ते. पण तू जोडलेला पोस्टरचा फोटो मी नीट बघितला आणि ते काय बघत होते ते मला कळलं. त्यात सात गोष्टी आहेत आणि सातही तेवढ्याच मोठ्याने बोलतायत. चादरीचा फोटो, प्रदर्शनाचं नाव, तारीख, ठिकाण, आयोजकांचं नाव, दोन लोगो. प्रत्येक अक्षराला पांढरी आउटलाइन, त्याच्या खाली सावली, आत ग्रेडियंट. डोळा पहिल्यांदा कुठे जायचा तेच ठरत नाही. आधी काय दिसायचं, मग काय, या क्रमालाच तुमच्याकडे हायरार्की म्हणतात आणि ती त्या पोस्टरमध्ये नाहीये, एवढाच त्या वाक्याचा कामाचा भाग आहे, बाकी तुझ्या गावाशी, घराशी त्याचा संबंध लावू नकोस.

आता मजा बघ, या सगळ्या सवयी तुला लागल्या कुठून आणि त्या तिथे का आहेत? आउटलाइन का देतो आपण? कारण मागे फोटो असतो, आभाळ असतं, कुठला तरी पुतळा असतो, आणि चौकातून गाडीवर जाणाऱ्या माणसाला दोन सेकंदात नाव वाचता आलं पाहिजे, आउटलाइन नसेल तर अक्षर मागच्या फोटोत बुडतं. सगळी जागा का भरतो? कारण गिऱ्हाईक स्क्वेअर फुटाचे पैसे देतं आणि रिकामी जागा म्हणजे त्याला फुकट गेलेले पैसे वाटतात. खाली पंधरा शुभेच्छुकांचे फोटो का? कारण त्या पंधरा जणांनी वर्गणी दिलेली असते आणि एक जरी राहिला तरी गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. म्हणजे फ्लेक्सवरच्या बहुतेक गोष्टींना कारण आहे, पक्कं कारण आहे. फक्त ते कारण चौकातलं आहे. तुझं पोस्टर ए-टू साइझचं, भिंतीवर, हातभर अंतरावरून बघायचं, बघणारा उभा आहे, त्याला वेळ आहे, अक्षरांमागे कुठलाही फोटो नाही. तिथे आउटलाइन कशाला? तू चौकातलं उत्तर गॅलरीतल्या प्रश्नाला दिलंस.

आणि चौथ्या सेमला काय केलंस? तेच परत! यावेळी पिंटरेस्टवरून कुणा दुसऱ्याचं उत्तर उचललंस, त्याचा प्रश्न काय होता ते न बघता. तुझं ते लोणच्याचं लेबल, बेज कागदावर कोपऱ्यात सहा पॉइंटमध्ये इंग्लिश नाव. बार्शीच्या किराणा दुकानात ट्यूबलाइटखाली तिसऱ्या फळीवर ती बाटली ठेवली तर आई ते लेबल वाचू शकेल का? नाही ना. मार्क वाढले कारण ते नीटनेटकं आहे, आणि हे पण खरं की त्यात तू मोकळी जागा सोडायला शिकलीस, ते वाया गेलेलं नाही, ते ठेव. पण काम तुझं वाटत नाही म्हणतेस ते बरोबर वाटतंय तुला, कारण त्यातला एकही निर्णय तू घेतलेला नाहीयेस. पिंटरेस्ट बघायला माझी ना नाही, फक्त आधी कागदावर पेन्सिलने दहा-बारा छोटी स्केचेस स्वतःची काढायची आणि मग बघायचं, हा क्रम बदलू नकोस.

तुला शिकवलं असेलच, पण परत सांगते कारण इथे उपयोगी आहे. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझाइनर जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला, त्यातूनच पुढे १९६१ ला अहमदाबादची एनआयडी ही डिझाइन शिकवणारी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपला साधा लोटा घेतलाय आणि त्याच्याकडे बघून प्रश्न विचारत गेलेत, पाणी किती मावायला हवं, कुणाच्या हातात धरणार, डोक्यावर नेणार की कमरेवर, भरलेला असताना तोल कसा, रिकामा असताना कसा, ओतताना काय होतं, किंमत किती. बास, डिझाइनच्या शिक्षणात मला महत्त्वाचं वाटतं ते हेच, असे प्रश्न पाडून घ्यायची सवय. सॉफ्टवेअर तुला कॉलेजच्या आधीपासून येतंय, त्याच्यासाठी कर्ज काढायची गरजच नव्हती. कर्ज या सवयीसाठी काढलंयस असं समज आणि ते वसूल कर.

आणि हे प्रश्न विचारायला तुझ्याकडे जेवढा माल आहे तेवढा तुझ्या वर्गात कुणाकडे नसेल. खरंच सांगते. तुझ्या वर्गातल्या किती जणांनी स्वतःची फाइल मशीनवरून उतरताना बघितलीय? स्क्रीनवर मस्त दिसणारा निळा छापून आला की जांभळा होतो, मॅजेंटा खाली आणावा लागतो, हे तू शाळेत असताना शिकलीस. झगझगीत भगवा स्क्रीनच्या आरजीबीत दिसतो तसा छपाईच्या सीएमवायकेत येत नाही, गिऱ्हाईकाला आधीच सांगावं लागतं, हे पण. साधा फ्लेक्स आणि स्टार फ्लेक्स यात काय फरक, वीस बाय दहाच्या बॅनरला तीनशे डीपीआय लावून फाइल जड करण्यात अर्थ नाही, आयलेट (दोरी ओवायची कडी) मारायला कडेला किती जागा सोडायची, फ्रेमला गुंडाळायला किती. फोर्थ इयरची मुलंमुली पहिल्यांदा ऑफसेटवाल्याकडे जातात आणि ब्लीड (कापण्यासाठी कडेला सोडायची जास्तीची छपाई) सोडलेलं नसतं, बारीक काळी अक्षरं चारही रंगांत बनवलेली असतात मग रजिस्ट्रेशन (रंगांचं एकावर एक नीट बसणं) थोडं हललं की अक्षरांना रंगीत झालर येते, आणि प्रेसवाले काका ओरडतात. तुला ते ओरडणार नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं की पाचव्या सेमला जे सेल्फ इनिशिएटेड, म्हणजे विषय स्वतःच निवडायचं प्रोजेक्ट असतं (तुमच्याकडे नाव वेगळं असेल) ते दुकानातूनच घे. वाढदिवसाचे बॅनर नको, त्यात राजकारण येतं आणि ज्युरी त्याच्यावरच बोलत बसेल. श्रद्धांजलीचा बॅनर घे.

का ते बघ. रात्री नऊला कुणीतरी येतं, डोळे लाल, सकाळी बॅनर हवा असतो. फोटो म्हणजे कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला, तो पण व्हॉट्सॲपवरून आलेला, पिक्सेल फुटलेला, मागे मांडव आणि शेजारच्याचा खांदा. मजकूर म्हणजे वहीच्या पानावर लिहिलेला, त्यात कै. चं नाव, जन्म, मृत्यू, दशक्रिया कुठे किती वाजता, आणि मग शोकाकुल म्हणून नावांची यादी. आता त्या यादीचा क्रम! मोठा मुलगा, धाकटा, सुना, मुली, जावई, पुतणे, नातवंडं, कुणाचं नाव कुणाच्या वर आलं यावरून घरात वर्षभर बोलणं बंद होऊ शकतं. वर्गात तू ज्या हायरार्कीवर पीपीटी बघितलीस ती हीच गं, फक्त इथे ती घरातल्या माणसांनी ठरवलेली असते आणि डिझाइनरला ती मोडता येत नाही. मग करायचं काय, नावं तेवढीच ठेवून, क्रम तोच ठेवून, बघणाऱ्याला आधी चेहरा, मग नाव, मग दशक्रियेची वेळ अशी दिसेल असं कसं करायचं? यादी एका रकान्यात की दोन? दोन रकाने केले तर डावीकडचा मोठा का उजवीकडचा? फुटलेला फोटो मोठा करायचा की छोटाच ठेवून भोवती जागा सोडायची? काळ्या-पांढऱ्यात नेला तर फुटलेपण थोडं झाकलं जातं का? मागे ते आभाळ, समई आणि उडणारी कबुतरं हवीतच का, आणि काढली तर लोक म्हणतील का की स्वस्तातलं केलं?

हे प्रश्न घेऊन सुट्टीत दुकानात बस. आधी नुसतं बघ, पप्पांना काम करू दे. गिऱ्हाईक काय बोलतं ते लिहून घे, जुन्या फाइल्स उघडून बघ, नावं झाकून त्यांचे प्रिंट काढ आणि भिंतीला लाव. (खऱ्या लोकांची नावं, फोटो कॉलेजात दाखवू नकोस, घरच्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच.) मग तीन-चार प्रकारचे लेआउट बनव, कमी नावांचा, खूप नावांचा, फोटो चांगला असलेला, फोटो वाईट असलेला. अट एकच, पप्पांना किंवा दुकानातल्या मुलाला रात्री अर्ध्या तासात तो भरता आला पाहिजे. आणि मग गिऱ्हाईकापुढे जुना आणि नवा दोन्ही ठेव. लोक जुनाच उचलतील असं पण होईल. होऊ दे. का उचलला ते विचार, ते उत्तर तुझ्या प्रोसेस बुकमधलं (काम कसं घडलं ते मांडायची वही) सगळ्यात मोलाचं पान असेल. बदल करून परत ठेव. ज्युरीसमोर हे सगळं घेऊन उभी राहिलीस, भिंतीवर खरे प्रिंट, खाली लोक काय म्हणाले ते, तर फ्लेक्ससारखं दिसतंय असं म्हणायला कुणाला जागाच उरत नाही, कारण तू स्वतःच फ्लेक्सबद्दल बोलत असशील, आणि त्या खोलीत सगळ्यात जास्त त्यातलं तुला कळत असेल.

पप्पांना पण विचार. एवढ्या वर्षांत किती अंतरावरून किती इंचाचं अक्षर वाचता येतं हे त्यांच्या हातात बसलेलं असेल. साईनबोर्डवाल्यांचा जुना ठोकताळा आहे, दहा फुटांवरून आरामात वाचायचं तर साधारण एक इंच उंचीचं अक्षर, पण तो इंग्रजी अक्षरांवरून आलेला, आपल्याला वर वेलांटी-मात्रा खाली उकार, त्यामुळे तेवढं पुरत नाही. किती लागतं ते तुम्ही दोघं मिळून मोजून बघा, दुकानाबाहेर रस्ता आहेच.

यावरून अक्षरांवर येते. तुझ्या पत्रात एक वाक्य होतं की टायपोग्राफीच्या सगळ्या असाइनमेंट इंग्रजी अक्षरांतच होत्या. हे मला फार खटकलं. पुण्यात बसून, जिथे निम्म्या वर्गाची मातृभाषा मराठी, तिथे देवनागरीला हात न लावता टायपोग्राफी संपते! तू फॅकल्टीला जाऊन सरळ सांग की पुढची असाइनमेंट मला देवनागरीत करायचीय, बहुतेक जण हो म्हणतात, अडवायचं काही कारणच नसतं. आणि त्यात शिकायला किती आहे बघ. इंग्रजीत ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर वाढवून शब्द पसरवता येतो, देवनागरीत तेच केलंस की शिरोरेषा तुटते. इंग्रजीचं लाइन स्पेसिंग जसंच्या तसं लावलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. कॅपिटल अक्षरं नाहीत, म्हणजे जोर द्यायचा तर जाडी, आकार, जागा आणि रंग एवढ्यावरच भागवायचं. मराठीतला ल आणि श हिंदीच्या छापील वळणापेक्षा वेगळे, कित्येक फॉन्टमध्ये हिंदी वळणाचेच येतात आणि मराठी वाचणाऱ्याला कुठेतरी खुपतात, का ते सांगता येत नाही. गुगल फॉन्ट्सवर तीरो देवनागरीचा मराठीसाठी वेगळा फॉन्ट आहे, हिंदी आणि मराठी दोन्ही शेजारी ठेवून बघ, लगेच कळेल. दऱ्याखोऱ्यातला ऱ्य नीट येतोय का ते बघ. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर हे सेटिंग चालू केलं नाही तर ऱ्हस्व वेलांटी भलत्याच जागी जाते आणि जोडाक्षरं सुटी होतात, वर्गातल्या इंग्रजी असाइनमेंट करणाऱ्यांना हे माहीतच नसतं.

तुला तर दुसरं पण माहितेय, दुकानातल्या जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये नसतात, त्यातला मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा कचरा येतो. हा प्रश्न पण एक प्रोजेक्ट होऊ शकतो, पण एकावेळी एकच घे.

आणि कृपा करून असं समजू नकोस की मराठी अक्षर म्हणजे काहीतरी मागासलेलं. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात १९३५ साली कमर्शियल आर्टचा विभाग सुरू झाला, १९६१ पासून ती अप्लाइड आर्टची वेगळी संस्था झाली, म्हणजे आपल्याकडे हा विषय शिकवायला लागून बराच काळ गेलाय. प्रा. र. कृ. जोशींनी जेजेत आणि मग आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवलं, विंडोजमध्ये वर्षानुवर्षं असलेला मंगल फॉन्ट त्यांनी केलेला. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांची नावं अशी लिहिली की पेपरातल्या छोट्या काळ्या-पांढऱ्या जाहिरातीत नुसतं अक्षर बघून कळायचं नाटक हसवणार आहे की रहस्याचं आहे. फोटो नाही, ग्रेडियंट नाही, रंग पण नाही! अच्युत पालवांची सुलेखनं बघ. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघ, रंग किती भडक आहेत आणि तरी किती ताब्यात आहेत ते बघ, म्हणजे भडक रंगांची जी लाज तुला वाटायला लागलीय ती जाईल. आणि आत्ताचं बघायचं तर मुंबईची एक टाइप ही मंडळी, त्यांचे मुक्ता आणि बलू हे फॉन्ट आज कुठल्याही मराठी बॅनरवर, ॲपवर दिसतात, फुकट आहेत, तुझ्या दुकानातही बहुतेक असतील. हे सगळं जुन्या अंकांच्या गठ्ठ्यात, रद्दीत, लायब्ररीत मिळेल. पुण्यात आहेस, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत रविवारी चक्कर मार.

आता इंग्लिश. याच्यावर मी तुला गोड बोलून समजावणार नाही, ते लागतं, पुढे नोकरीत पण लागतं आणि शेवटच्या वर्षाचं डॉक्युमेंट पण बहुतेक इंग्लिशमध्येच लिहावं लागेल. पण क्रिटमध्ये गप्प बसायचं कारण इंग्लिश नाहीये असं मला तुझ्या पत्रावरून वाटतंय, काय बोलायचं तेच ठरलेलं नसतं म्हणून गप्प बसतेस, कारण काम तुझं नसतं. पिंटरेस्टवरून आणलेल्या बेजबद्दल मराठीत तरी काय बोलली असतीस? त्यामुळे असं कर, क्रिटच्या आदल्या रात्री मराठीत चार वाक्यं लिही, हे कुणासाठी आहे, कुठून बघितलं जाईल, मी काय आधी दिसू दिलं आणि काय सोडून दिलं आणि का. मग त्याचं साध्यातल्या साध्या इंग्लिशमध्ये कर आणि तेवढंच बोल. अडलीस तर मराठीत बोल, ग्रिड, काँट्रास्ट, कर्निंग, हायरार्की हे शब्द तसेही तेच आहेत. पुण्यातल्या बहुतेक फॅकल्टीला मराठी कळतं, नसेल कळत तर शेजारची मैत्रीण सांगेल. आणि कुणी मोघम शेरा मारला की तिथल्या तिथे विचारायचं, सर नक्की कुठला भाग, काय बदललं तर तुम्हाला हे बरोबर वाटेल? एवढं एक वाक्य पाठ कर. रागाने नाही विचारायचं, पेन उघडून विचारायचं.

दादाच्या एआयबद्दल थोडक्यात. चित्रं तर ते करतंच, मॉकअप करतं, दहा पर्याय दोन मिनिटांत देतं, तू पण वापर, वापरायला लाजू नकोस. चित्रातली जोडाक्षरं अजून कधी कधी बिघडतात, पण ती उद्या सुधारतील, त्यामुळे त्याच्यावर विसंबून राहू नकोस. पण रात्री नऊला आलेल्या त्या माणसाशी बोलून दशक्रियेची वेळ बरोबर लिहून घेणं, आजींचं नाव वहीत एक आणि आधारकार्डावर एक असेल तर घरच्यांना फोन लावून विचारणं, आणि छापायच्या आधी नाव परत एकदा वाचणं, ही जबाबदारी कुणीतरी माणूसच घेणार. श्रद्धांजलीच्या बॅनरवर नाव चुकलं तर काय होतं ते तू दुकानात बघितलं असशील. ज्यांचं सगळं काम सुंदर पण कुणासाठी आहे तेच माहीत नाही, त्यांना एआयची भीती वाटणं बरोबर आहे.

बीएफएचं. तू बारावीत असताना विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं आधी सरकारी कला महाविद्यालयं बघ, मुंबईचं जेजे, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, फी खासगी डिझाइन कॉलेजच्या मानाने फारच कमी असते, अप्लाइड आर्टची डिग्री चार वर्षांची आणि चित्राचा हात पक्का करून घेतात. हे वाचणाऱ्या दहावी-बारावीच्या मुलांसाठी पण लिहून ठेवते: बीएफएला राज्याची सीईटी असते, त्यात वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्प आणि सामान्य ज्ञान असं असतं, आयआयटीच्या बी.डेस. साठी यूसीड ही प्रवेश परीक्षा असते आणि ती कॉमर्स, आर्ट्सवाल्यांना पण देता येते, एनआयडीची वेगळी. जेजेला २०२३ ला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, तर तिथली प्रवेशाची पद्धत त्यांच्या साइटवरूनच बघा, सीनियरच्या सांगण्यावर जाऊ नका. पण तुझं तसं नाहीये. तू परत पहिल्या वर्षाला बसलीस तर दोन वर्षं आणि दोन वर्षांचं कर्ज दोन्ही पाण्यात, आणि जे तुला हवंय, म्हणजे अक्षर आणि हाताचं काम, ते आहेस तिथे बसून पण करता येतं. पुढे शिकावंसं वाटलंच तर डिग्रीनंतर सीड ही परीक्षा देऊन आयडीसीत किंवा दुसऱ्या आयआयटीत एम.डेस. ला जाता येतं, तिथे श्रद्धांजली बॅनरसारखा एखादा प्रोजेक्ट पोर्टफोलिओत असला तर मुलाखतीत बोलायला तासभर पुरेल. पोर्टफोलिओत वीस चकचकीत गोष्टी कोंबू नकोस, चार-पाच ठेव आणि प्रत्येकाची सुरुवातीची घाण स्केचेस पण ठेव.

इंटर्नशिपला सगळे मोठ्या ब्रँडिंग स्टुडिओंच्या मागे लागतात. तू मराठी प्रकाशकांकडे, दिवाळी अंकांकडे, फॉन्ट करणाऱ्यांकडे, एखाद्या चांगल्या ऑफसेट प्रेसकडे पण मेल टाक. दिवाळी अंकांची मांडणी पावसाळ्यातच सुरू होते, त्यामुळे मेल जून-जुलैत गेली पाहिजे, ऑक्टोबरात नाही. आणि पैसे देणार का ते आधी विचार, विचारण्यात काही वाईट नाही.

होस्टेलचं म्हणशील तर कुणाला गोळा करून जाहीर सांगायची काही गरज नाहीये. पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर दुकानाचा फोटो टाक, शटर, मशीन, पप्पा, सगळं. ज्यांना बघायचं ते बघतील. आणि जी मैत्रीण तुला खरंच जवळची वाटते तिला दिवाळीच्या सुट्टीत बार्शीला घेऊन जा, मशीन चालू असताना बघू दे तिला, डिझाइन शिकणाऱ्या कुठल्याही मुलीला त्यात रस वाटेल, वाटला नाही तर ती डिझाइन कशाला शिकतेय!

पप्पांशी मात्र बोल. ते ये परत म्हणतायत ते तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही, तुझा त्रास त्यांना फोनवर ऐकू येतोय म्हणून. त्यांना सांग की परत येतेय पण सुट्टीपुरती, आणि कामाला येतेय. कॉलेजात काय शिकवतात हे त्यांना बहुतेक कुणी नीट सांगितलेलंच नाही, तर तो लोटा त्यांना सांग, हायरार्की म्हणजे काय ते त्यांच्याच एखाद्या बॅनरवर बोट ठेवून दाखव. ते वाद घालतील, घालू दे, गिऱ्हाईक त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं.

पाचवं सेम असं करून बघ. त्यानंतरही सकाळी उठून कॉलेजला जावंसं वाटत नसेल तर मला परत लिही, तेव्हा सोडायचा विचार करू आणि मी तुला अडवणार नाही, पण तो विचार तुझ्या स्वतःच्या कामाकडे बघून करू. आणि कर्जाचं टेन्शन घेतेयस म्हणून शेवटचं: शैक्षणिक कर्जाचा हप्ता साधारण कोर्स संपल्यावर काही काळाने, बऱ्याच बँकांत वर्षभराने सुरू होतो, पण व्याज मधल्या काळातही लागत असतं, ते थोडं थोडं आत्ताच भरलं तर पुढचा हप्ता हलका होतो. तुझ्या मंजुरीपत्रात नेमकं काय लिहिलंय ते पप्पांबरोबर बसून वाच, आणि मधेच कोर्स सोडला तर परतफेड कधीपासून धरतात हे शाखेत जाऊन लेखी विचारून घे, कारण ते कळल्याशिवाय सोडायचा निर्णय घेताच येणार नाही.